ग्रीक न येणाऱ्यांचे ग्रीस

काही वर्षांपूर्वी एका वाचनालयाच्या व्याख्यानमालेत मी इंग्रजी कवितेतील ग्रीक पुराणकथांवर बोललो. व्याख्यान संपल्यावर एका निवृत्त प्राध्यापकांनी विचारले, ‘‘आपल्याला ग्रीक येते का?’’ मी ‘नाही’ म्हटले. ‘‘मग आपण जे सांगितलेत त्याला आधार काय?’’ त्यांच्या स्वरात कुत्सितपणा नव्हता, म्हणूनच तो प्रश्न मनात राहिला. माझे सारे वाचन नोकरी सांभाळून झालेले, आणि ग्रीक साहित्याचे तर पूर्णपणे भाषांतरांतून. त्या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी मी इंग्रजी साहित्याचे कालखंड पुन्हा क्रमाने वाचायला घेतले. प्रत्येक लेखकापाशी थांबून एकच गोष्ट तपासली : ही कथा त्याच्यापर्यंत कोणत्या वाटेने आली?

पहिला पुरावा नावांतच सापडतो. होमरच्या नायकाचे ग्रीक नाव ओडिसियस. पण टेनिसनची कविता आणि जेम्स जॉइसची कादंबरी, दोन्ही ‘युलिसीस’ आहेत, आणि ते रूप लॅटिनवरून आले आहे. शेक्सपिअरच्या दीर्घकाव्यात अफ्रोडाइटी नाही, व्हीनस आहे. ग्रीक देव इंग्रजीत आले ते बहुधा रोमन पोशाख घालून.

प्राचीन इंग्रजीत ऑर्फियसची कथा भेटते ती बोएथियसच्या लॅटिन ग्रंथाच्या भाषांतरात. हे भाषांतर परंपरेने नवव्या शतकातील आल्फ्रेड राजाच्या नावाशी जोडले जाते. पुढे मध्ययुगात, चौदाव्या शतकाच्या पूर्वार्धातील एका हस्तलिखितात, ‘सर ऑर्फियो’ हे कथाकाव्य येते. मूळ कथेत ऑर्फियस मृत पत्नीला आणायला पाताळात जातो, परतताना मागे वळून पाहतो आणि तिला कायमचा गमावतो. इंग्रज कवीने हे सारेच बदलले. त्याचा ऑर्फियो विंचेस्टरचा राजा आहे. राणीला मृत्यू नेत नाही, पऱ्यांचा राजा पळवून नेतो. ऑर्फियो दहा वर्षे रानात भटकतो, वीणेसारख्या आपल्या हार्पच्या वादनाने त्या राजाला प्रसन्न करतो आणि राणीला घरी घेऊन येतो. मागे न पाहण्याची अटच इथे नाही. पंडित याला चूक म्हणू शकेल. मला मात्र त्यात एका समाजाने परकी कथा आपल्या अंगणात लावून वाढवलेली दिसते. इंग्लंडमध्ये त्या काळी ग्रीक शिकण्याची सोय जवळजवळ नव्हतीच. चॉसरनेही ट्रॉयची प्रेमकथा होमरकडून नव्हे, इटालियन बोकाचिओकडून घेतली.

प्रबोधनकाळात विद्यापीठांतून ग्रीक शिकवले जाऊ लागले, तरी पुराणकथांचा मोठा झरा लॅटिन कवी ओव्हिड हाच राहिला. आर्थर गोल्डिंगने केलेले त्याच्या ‘मेटॅमॉर्फसिस’चे संपूर्ण इंग्रजी भाषांतर १५६७ साली निघाले. शेक्सपिअरच्या ग्रीकबद्दल त्याचा मित्र बेन जॉन्सन यानेच शंका नोंदवून ठेवली आहे. पण शाळेत शिकलेले लॅटिन आणि हाताशी असलेला गोल्डिंग एवढी शिदोरी त्याला पुरली. ‘टेंपेस्ट’मध्ये प्रॉस्पेरो आपल्या जादूचा त्याग करताना जे बोलतो, त्यामागे ओव्हिडमधील मीडियाचे भाषण आहे, आणि त्यात गोल्डिंगचे शब्दही ओळखू येतात.

मिल्टन आणि शेली यांना ग्रीक उत्तम येत होते, आणि त्यांच्या काव्याला त्याचा लाभ झाला. ते नाकारून माझी बाजू भक्कम होणार नाही. पण नवअभिजात युगाचा होमर ज्याने घडवला, त्या अलेक्झांडर पोपकडे पाहा. कॅथलिक असल्यामुळे त्याला विद्यापीठाची दारे बंद होती. ग्रीक तो बहुतांशी घरी, स्वतःच्या बळावर शिकला. १७१५ ते १७२० या काळात त्याचे ‘इलियड’ वर्गणीदारांच्या आधारावर प्रसिद्ध झाले आणि त्या कमाईने त्याला आर्थिक स्वातंत्र्य मिळाले.

या प्रश्नाची सर्वांत जास्त झळ मात्र जॉन कीट्सला लागली. घोड्यांचा तबेला चालवणाऱ्या माणसाचा हा मुलगा. शाळेत लॅटिन शिकला, ग्रीक राहून गेले. लंडनच्या गाय्ज हॉस्पिटलमध्ये त्याने औषधोपचाराचे शिक्षण घेतले. ऑक्टोबर १८१६मध्ये त्याचा मित्र चार्ल्स कौडन क्लार्क याच्या हाती जॉर्ज चॅपमनने सतराव्या शतकाच्या आरंभी पूर्ण केलेले होमरचे भाषांतर उसने आले. दोघे रात्रभर ते वाचत बसले. पहाटे कीट्स चालत घरी गेला, आणि सकाळी दहाच्या सुमारास क्लार्कच्या न्याहारीच्या टेबलावर एक सुनीत येऊन पडले होते. भाषांतर वाचण्याच्या आनंदावर लिहिलेली ही कविता आज इंग्रजीतील श्रेष्ठ सुनीतांत गणली जाते.

दोन वर्षांनी एडिंबरोच्या ‘ब्लॅकवुड्स मॅगझिन’ने त्याच्या ‘एंडिमियन’ या दीर्घकाव्याची टर उडवली. हा माणूस होमर ओळखतो तो केवळ चॅपमनमधून, असा टोमणा त्यात होता. कवितेपेक्षा औषधाच्या दुकानात परत जावे, असा सल्लाही होता. भाषेच्या अज्ञानाला बोल लावताना टीकाकार खरे तर त्याचे कूळ आणि पेशा काढत होता, हे लपत नाही. कीट्सने त्यानंतर ‘हायपेरियन’ लिहायला घेतले आणि १८१९मध्ये ग्रीक कलशावरचे प्रसिद्ध स्तोत्र लिहिले. फेब्रुवारी १८२१मध्ये तो रोममध्ये वारला. वय होते पंचवीस.

ग्रीक कोणाला शिकवायचे, हे कुळाप्रमाणे स्त्रीपुरुषभेदावरही ठरत असे. व्हिक्टोरियन युगातील एलिझाबेथ बॅरेट भावाच्या शिक्षकापाशी बसून ग्रीकची सुरुवात करू शकली. पुढे भाऊ शाळेत गेला, ती घरीच राहिली. तिने १८३३मध्ये इस्किलसच्या ‘प्रॉमिथियस’चे भाषांतर छापले, ते मनास न आल्याने पुन्हा नव्याने केले आणि ते १८५०मध्ये आले. व्हर्जिनिया वूल्फनेही खासगी शिकवणीतून ग्रीकचा कसून अभ्यास केला. तरी १९२५मध्ये तिने ‘ग्रीक न येण्याविषयी’ अशा अर्थाच्या शीर्षकाचा निबंध लिहिला. तिचे म्हणणे असे की, ते शब्द कसे उच्चारले जात, नट कसे वावरत, नेमके कुठे हसायचे, हे आज कोणालाच ठाऊक नाही. म्हणजे अंतर सर्वांनाच आहे, कोणाला थोडे कमी, कोणाला थोडे जास्त.

आणि आधुनिक काळातील ‘युलिसीस’? १९२२च्या या कादंबरीच्या कर्त्याला प्राचीन ग्रीक अवगत नव्हते. जॉइसला हा नायक शाळकरी वयात भेटला तो चार्ल्स लँबने मुलांसाठी लिहिलेल्या पुस्तकात, आणि लँबचा आधार होता पुन्हा चॅपमनच! कीट्सला रात्रभर जागवणारे भाषांतर अशा रीतीने डब्लिनपर्यंत पोचले.

भाषांतरात हरवते ते हरवतेच. पोपचा होमर वाचताना योद्ध्यांच्या तोंडी अठराव्या शतकातील लंडनची सफाईदार भाषा ऐकू येते. शिवाय चॅपमनने ग्रीकशी झुंज घेतली नसती, तर कीट्सच्या हाती काय आले असते? म्हणून मूळ भाषा जाणणाऱ्यांचे ऋण मोठे आहे, आणि त्या प्राध्यापकांचा प्रश्नही रास्त होता. पुढच्या वेळी मी बोलण्याआधी सांगेन की, मी हे कोणाच्या भाषांतरातून वाचले आहे आणि कुठे माझा आधार कच्चा आहे. त्यानंतर मात्र संकोच न करता बोलेन.

गेल्या वर्षी मी ग्रीक मुळाक्षरे गिरवायला घेतली. चोवीसच आहेत. अजून शब्द लागत नाहीत. टेबलावर शेजारी चॅपमन उघडा असतो.