लाइन तीनशेची, स्पीड नव्वदचा? फायरवॉल काढण्याआधी हे तपासा

बेळगाव : फायबर कनेक्शन ३०० एमबीपीएसचं, बिलही तेवढ्याचंच. पण नवा फायरवॉल राउटर बसवला आणि स्पीड टेस्टचा काटा ९४ च्या वर सरकेना. पतसंस्था असो, शाळा असो की दवाखाना, अशा वेळी कोणी नेट कंपनीशी भांडतो, तर कोणी फायरवॉलच काढून ठेवतो. दोन्हीच्या आधी तासभर मोजणीला द्या. ताळेबंद जुळला नाही की आपण एकेक खातं तपासतो, इथंही तसंच करायचं.

आधी एकक बघा. ३०० एमबीपीएस म्हणजे मेगाबिट. आठ बिटांचा एक बाइट. फाइल उतरवताना सेकंदाला ३५-३७ मेगाबाइट दिसत असतील, तर लाइन पूर्ण मिळतेय.

९४ वर अडकलंय?
मग पहिला संशय केबलवर. गिगाबिटला केबलमधल्या आठही तारा लागतात, १०० मेगाबिटला चारच पुरतात. एक तार तुटली किंवा क्लिप नीट बसली नाही, तर पोर्ट गुपचूप १०० वर उतरतो. राउटरच्या स्टेटस पानावर पोर्टसमोर १०० आहे की १००० ते बघा. १०० असेल तर केबल बदला. गिगाबिट पोर्टवरही पूर्ण हजार मिळत नाहीत. ९४० च्या आसपास आले की समजा, सगळं ठीक आहे.

मोजायचं कसं?
आयपर्फ३ हे मोफत सॉफ्टवेअर दोन संगणकांवर घाला. आधी दोन्ही केबलनं थेट जोडून मोजा. वायफाय नको. मग एक फायरवॉलच्या वॅन बाजूला, दुसरा लॅन बाजूला लावून पुन्हा मोजा. दोन आकड्यांतला फरक तेवढा फायरवॉलचा. आयपर्फ खुद्द फायरवॉलवर चालवू नका. डेटा तयार करण्यातच त्याचा प्रोसेसर गुंततो आणि आकडा उगाच कमी येतो.

एका प्रवाहावर कमी आणि चार प्रवाहांवर जास्त आकडा आला, तर बहुतेक एकाच कोरवर भार पडतोय. चार कोरच्या राउटरवर एकूण वापर २५ टक्केच दिसतो, पण एक कोर पूर्ण १०० वर असू शकतो. पीएफसेन्स, ओपीएनसेन्ससारख्या फायरवॉलवर पीपीपीओई लॉगिनची लाइन असेल तर हे अनेकदा घडतं.

जाहिरातीतला आकडा
खोक्यावरचा थ्रूपुट बहुधा मोठ्या पॅकेटवर मोजलेला असतो. १,५०० बाइटची पॅकेट असतील तर गिगाबिटला सेकंदाला सुमारे ८१ हजार लागतात. ६४ बाइटची असतील तर तब्बल १४ लाख ८८ हजार! राउटरचं कष्ट पॅकेटच्या संख्येवर ठरतं. त्यात सुरिकाटासारखी घुसखोरी तपासणी चालू केली की प्रत्येक पॅकेट आतून बघावं लागतं. म्हणून खरेदी करताना तपासणी चालू असतानाचा आकडा विचारा.

चाचणीपुरती, नेट लाइन काढून, तपासणी बंद करून बघायला हरकत नाही. पण कायमची बंद ठेवली तर खातेदारांची, रुग्णांची माहिती उघड्यावर येण्याचा धोका वाढतो.

थेट केबल, फायरवॉलसह, तपासणीसह असे तिन्ही आकडे कागदावर लिहा. तिन्ही ३०० च्या वर असतील, तरच तो कागद घेऊन नेट कंपनीकडे जा. नाहीतर दुरुस्ती आपल्याच घरात आहे.