मुक्या यंत्राशीं तारेवरचें संभाषण

शहरांतील सुशिक्षित कुटुंबाच्या दिवाणखान्यांत, बहुधा पुस्तकांच्या कपाटावर, एक लहानशी पेटी रात्रंदिवस मिणमिणत असते. तिला राउटर म्हणतात. मुलांचा अभ्यास, वडील मंडळींचे बँकेचे व्यवहार, परदेशीं राहणाऱ्या लेकीशीं होणारें बोलणें हें सारें तिच्याच वाटेनें चालतें. एखाद्या संध्याकाळीं तिच्यांतील आज्ञावली नवी करण्याचें काम चालू असतां वीज जाते. वीज परत आल्यावर पेटीचा एक दिवा लागतो. बाकीचे लागत नाहींत. दुकानदार पेटी हातांत घेऊन सांगतो, "ही संपली, आतां नवीच घ्या." हें निदान पुष्कळदां चुकीचें असतें. पेटी मेलेली नसते. ती मुकी झालेली असते, आणि तिला बोलतें करण्याचा एक मार्ग तिच्याच पोटांत ठेवलेला असतो.

राउटर हा वस्तुतः एक छोटा संगणकच होय. त्याच्या कायम स्मृतीचे, म्हणजे फ्लॅश नांवाच्या तुकड्याचे, निरनिराळे भाग पाडलेले असतात. अगदीं पहिल्या भागांत एक लहान कार्यक्रम असतो. त्याला बूटलोडर म्हणतात. वीज येतांच प्रथम तो जागा होतो, स्मृति व घड्याळ यांची व्यवस्था लावतो, आणि पुढच्या भागांतील मोठी आज्ञावली उचलून तिच्या हातीं कारभार सोंपवितो. घरांतील सर्व माणसें उठण्यापूर्वीं उठून चूल पेटविणाऱ्या माणसासारखें त्याचें काम असतें. आज्ञावली नवी करतांना सामान्यतः पुढचाच भाग पुसला जातो. म्हणून मध्येंच वीज गेली, तरी पहिला भाग बहुधा शाबूत राहतो. तो दर वेळीं उठतो, पुढची आज्ञावली शोधतो, ती मोडकी आढळली म्हणजे तसें सांगतो, आणि थांबतो. पण तें सांगणें ऐकावयास कोणी नसतें, कारण तें पडद्यावर उमटत नाहीं. तें दोनतीन बारीक तारांवरून बाहेर पडतें.

या तारांच्या जोडणीस सीरियल कन्सोल असें नांव आहे. तिची परंपरा तारायंत्राची आहे. भारतांतील तारसेवा जुलै २०१३ मध्यें बंद झाली, परंतु तारेची भाषा या पेट्यांत अजून जिवंत आहे. अक्षरांचे तुकडे एकामागून एक, एकाच तारेवरून पाठवावयाचे, ही तिची रीत. वेग मोजण्याचें 'बॉड' हें एककही एमिल बोदो या फ्रेंच तार-अभियंत्याच्या नांवावरून आलें आहे. त्यानें आपल्या छापणाऱ्या तारायंत्राचें पेटंट १८७४ मध्यें घेतलें होतें. दोन यंत्रांमधील अशा जोडणीचें आरएस-२३२ हें प्रमाण अमेरिकेंत १९६० मध्यें ठरलें.

आजच्या बहुतेक राउटरांत हें संभाषण ११५२०० बॉड या वेगानें चालतें. प्रत्येक अक्षरासाठीं आरंभाची एक खूण, अक्षराचे आठ तुकडे आणि शेवटाची एक खूण, असे दहा तुकडे लागतात. म्हणजे सेकंदास ११५२० अक्षरें. एका तुकड्यास सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाच्या सुमारें पावणेनऊ पट वेळ मिळतो. दोन्ही टोकांना घड्याळाची वेगळी तार नसते. ऐकणारें यंत्र आरंभाची खूण दिसतांच आपल्याच घड्याळानें मोजूं लागतें. त्यामुळें दोघांनीं एकच वेग आधीं ठरविलेला असणें, ही या संभाषणाची पहिली अट होय.

दुसरी अट विजेच्या दाबाची, आणि येथें चूक झाली तर जिवंत यंत्र खरोखरीच मरतें. जुन्या आरएस-२३२ जोडणींत दाब शून्याच्या दोन्ही बाजूंना, १२ व्होल्टांपर्यंत व कधीं त्याहूनही अधिक जातो, आणि खुणांचा अर्थही उलटा असतो. राउटरच्या आंतील तारांवर मात्र बहुधा ३.३ व्होल्ट, आणि कांहीं यंत्रांत १.८ व्होल्टच असतात. म्हणून जुन्या संगणकाची सीरियल तार तेथें सरळ जोडावयाची नसते. बाजारांत यूएसबीला लावावयाचे लहान जोडयंत्र मिळतात. त्यावर ५ व ३.३ व्होल्टांची निवड असेल, तर ती प्रथम तपासावी लागते.

राउटरची पेटी उघडली म्हणजे आंतील फळीवर बहुधा चार टोंकें एका ओळींत दिसतात: जमीन, वीजपुरवठा, बोलणें व ऐकणें. तीं ओळखण्यास साधें मल्टिमीटर पुरतें. वीज बंद असतां धातूच्या आवरणाशीं जें टोंक जुळतें तें जमिनीचें. वीज सुरू केल्यावर जेथें दाब स्थिर राहतो तें पुरवठ्याचें; आणि सुरुवातीच्या कांहीं क्षणांत जेथें आंकडा चळतो तें बोलण्याचें. पुरवठ्याच्या टोंकास कांहींच जोडावयाचें नसतें, कारण राउटरला त्याची स्वतःची वीज असते. उरलेल्या तीन तारांत जमीन जमिनीस जोडावी, आणि एकाचें बोलणें दुसऱ्याच्या ऐकण्यास. दोन माणसें दूरध्वनीवर बोलतांना एकाचें तोंड दुसऱ्याच्या कानाशीं असतें, तसेंच हें.

इतकें करूनही पुष्कळांस अपयश येतें. तें चार प्रकारचें असतें, आणि प्रत्येकाचें लक्षण निराळें असल्यामुळें निदानही निराळें होतें.

पहिला प्रकार: पडद्यावर कांहींच उमटत नाहीं. अशा वेळीं दोष कोणत्या बाजूला आहे हें आधीं ठरवावें. जोडयंत्र राउटरपासून सोडवून त्याचींच बोलण्याचीं व ऐकण्याचीं टोंकें एकमेकांस जोडावीं आणि कळफलकावर कांहीं टंकावें. टंकलेलें अक्षर परत दिसलें, तर संगणक, त्यावरील कार्यक्रम व जोडयंत्र ही अर्धी वाट निर्दोष ठरली. दिसलें नाहीं, तर संगणकावर चुकीचें द्वार निवडलें असेल, किंवा तें वापरण्याची परवानगी नसेल. अर्धी वाट निर्दोष ठरल्यावर जमिनीची तार, मग बोलण्या-ऐकण्याच्या तारांची अदलाबदल, असा क्रम ठेवावा. कांहीं कारखानदार फळीवरील एखादा बारीक अवरोध मुद्दाम गाळतात. मग टोंक दिसतें, पण त्याच्यामागें वाट नसते.

दुसरा प्रकार: अक्षरें उमटतात, पण अर्थहीन. ही शुभवार्ता समजावी, कारण तार जिवंत आहे. बहुधा वेग मात्र जुळत नाहीं. ऐकणारा दर अक्षरांत दहा तुकडे मोजतो. घड्याळांत थोडा फरक असला तर शेवटच्या तुकड्यापर्यंत निभावतें. शेंकडा पांचाच्या आसपास फरक गेला कीं शेवटची खूण चुकते. ११५२०० नंतर ५७६००, ३८४०० व ९६०० हे वेग एकेक करून पाहावे. सर्व वेगांवर गोंधळच राहिला, तर जमिनीची तार सैल आहे काय, किंवा उलट्या अर्थाचें जुनें जोडयंत्र लागलें आहे काय, हें पाहावें.

तिसरा प्रकार सर्वांत चकविणारा. राउटरचें बोलणें स्वच्छ वाचतां येतें, पण इकडून टंकलेलें त्याला ऐकूं जात नाहीं. एक तर ऐकण्याची तार तुटलेली असते, किंवा संगणकावरील कार्यक्रमांत 'हार्डवेअर फ्लो कंट्रोल' चालू राहिलेलें असतें. या व्यवस्थेंत दुसऱ्या टोंकाकडून "पाठवा" असा निरोप एका वेगळ्या तारेवरून आल्याशिवाय अक्षर बाहेर जात नाहीं. येथें ती तारच नसल्यामुळें निरोप कधीं येत नाहीं, आणि अक्षरें दारांतच खोळंबतात. ती व्यवस्था बंद करतांच वाट मोकळी होते.

चौथा प्रकार: दोन्ही बाजूंचें बोलणें चालतें, पण हवी ती यादी हातीं लागत नाहीं. येथें प्रश्न वेळेचा असतो. यू-बूट हा बूटलोडर फार प्रचारांत आहे. तो "थांबवावयाचें असल्यास कोणतीही कळ दाबा" अशा अर्थाची इंग्रजी ओळ दाखवून एक ते तीन सेकंद वाट पाहतो, आणि मग पुढें जातो. म्हणून ऐकण्याचा कार्यक्रम आधीं सुरू करून मगच राउटरला वीज द्यावी. कळही सर्वत्र एक नसते. लिंक्सिस कंपनीचा डब्ल्यूआरटी ५४-जी हा राउटर डिसेंबर २००२ मध्यें निघाला. पुढें त्याची आज्ञावली खुली झाल्यामुळें २००४ मध्यें ओपनडब्ल्यूआरटी हा प्रकल्प उभा राहिला. त्यांतील सीएफई नांवाच्या बूटलोडरास कंट्रोल व सी या कळा एकत्र दाबाव्या लागत. टीपी-लिंकच्या कित्येक राउटरांत 'टीपीएल' हीं तीन अक्षरें त्या एका सेकंदांत टंकावीं लागतात. आणखी एक गंमत अशी, कीं राउटरची वीज काढली तरी जोडयंत्राच्या बोलण्याच्या तारेंतून थोडी वीज आंत झिरपते. यंत्र पुरतें झोंपत नाहीं, म्हणून नीट उठतही नाहीं. तेव्हां ती तार काढून, वीज देतांच पुन्हां लावावी.

यादी एकदां समोर आली, कीं काम उरतें तें शेजारच्या संगणकावरून जाळ्याच्या तारेनें शाबूत आज्ञावली आंत घेण्याचें. येथें घाई घातक होते. 'पुसून टाक' ही आज्ञा चुकीच्या पत्त्यावर दिली आणि बूटलोडरचा पहिलाच भाग पुसला गेला, तर चूल पेटविणाराच घरांतून गेला. मग या तारांवर ऐकावयास कोणी उरत नाहीं. म्हणून प्रथम नवी आज्ञावली तात्पुरत्या स्मृतींत घेऊन चालवून पाहणें शक्य असेल तर तसें करावें, आणि फ्लॅशला हात त्यानंतर लावावा.

ज्या दारानें मालक आंत जातो, त्याच दारानें पेटी हातीं लागलेला परकाही जाऊं शकतो. म्हणूनच कांहीं कारखानदार हें दार संकेतशब्दानें बंद करतात किंवा थांबण्याचा अवधि पूर्णपणें काढून टाकतात. त्यांची काळजी खोटी नाहीं. पण त्यामुळें दुरुस्तीची शेवटची वाट बुजते, हेंही तितकेंच खरें. भिंतींतील वीज थेट आंत घेणारी पेटी गृहस्थानें उघडूं नये. मात्र ९ किंवा १२ व्होल्टांच्या वेगळ्या पुरवठ्यावर चालणारा, हमीची मुदत संपलेला राउटर तपासून पाहण्यांत फारसें गमावण्यासारखें नसतें. चारही प्रकार क्रमानें पाहून झाल्यावरही पेटी गप्पच राहिली, तर ती घरच्या कचऱ्यांत न टाकतां ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्राकडे द्यावी. त्याविषयींचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून देशांत लागू आहेत.