रेखाकला परीक्षा : संकल्पचित्र व कर्तव्यभूमिती यांची पूर्वतयारी

शालेय विद्यार्थ्यांकरिता महाराष्ट्रात एलिमेंटरी व इंटरमीजिएट अशा दोन शासकीय रेखाकला परीक्षा घेतल्या जातात. १९६५ साली स्थापन झालेले कला संचालनालय त्यांची व्यवस्था पाहते. एलिमेंटरी परीक्षेत वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र आणि कर्तव्यभूमिती व अक्षरलेखन हे विषय असतात. यांपैकी पहिल्या दोहोंत खेड्यातील मूल सहसा मागे पडत नाही. घागर, सूप, कंदील या वस्तू त्याच्या नित्य पाहण्यातल्या. बाजार, जत्रा, पेरणी हे प्रसंग त्याने स्वतः अनुभविलेले असतात. श्रेणी घसरते ती बहुधा उरलेल्या दोन विषयांत. पुढे चित्रकला, स्थापत्य अथवा एखादा कारागिरीचा व्यवसाय यांकडे वळू पाहणाऱ्या मुलाच्या हाती येणारा हा पहिलाच शासकीय दाखला असतो. सबब स्वतंत्र चित्रकला-शिक्षक नसलेल्या शाळेत वर्गशिक्षकाने या दोन विषयांकडे विशेष लक्ष पुरविणे इष्ट होय.

संकल्पचित्रात विद्यार्थी का अडतो, याचे कारण शोधण्यास फार दूर जावे लागत नाही. तयार नमुन्यांच्या पुस्तकातून एक कमळ, एक मोर व एक वेल तो घोटून पाठ करतो. चौरसात बसविलेले ते कमळ घरी दहा वेळा उत्तम उतरते. परीक्षेत मात्र वर्तुळ अथवा षट्कोन दिला जातो, आणि चौरसासाठी पाठ केलेले कमळ मध्यभागी एकटे पडून भोवती ओसाड जागा राहते. मग घाईघाईने कोपऱ्यांत ठिपके व पाने पेरली जातात. अशा पुस्तकांनी उपकारापेक्षा अपकारच अधिक केला आहे, असे म्हणणे भाग आहे. संकल्पचित्र म्हणजे दिलेल्या जागेची विभागणी. फुले-पाने ही त्यानंतरची गोष्ट. हा क्रम विद्यार्थ्याच्या मनावर प्रथम ठसला पाहिजे.

त्यासाठी पहिले काही आठवडे रंगपेटी मुळीच न उघडता घोटीव कागद व कात्री यांवर काम चालवावे. कागदाचे वर्तुळ कापून ते निम्म्यात, पुन्हा निम्म्यात व पुन्हा एकदा निम्म्यात घडी घालावे, म्हणजे आठ समान भाग होतात. घडीच्या कडेवर एखादा साधा आकार कातरून कागद उलगडला की तोच आकार सर्व भागांत प्रकटतो. एका भागात काय केले असता संपूर्ण आकृती कशी होते, हे मुलाला शब्दांवाचून कळते. त्याच वेळी आणखी एक गोष्ट दाखवावी : कातरून गेलेली जागा जितकी महत्त्वाची, तितकीच उरलेलीही. पार्श्वभूमीचा आकार बेढब राहिला तर नक्षी कितीही सुबक असो, चित्र बसत नाही.

दुसरे साधन प्रत्येक अंगणात आहे. ‘अकरा ते सहा’ ठिपक्यांची रांगोळी मुली सहज काढतात. तिच्या ओळींत अनुक्रमे ६, ७, ८, ९, १०, ११ व पुन्हा उतरत ६ पर्यंत ठिपके येतात; प्रत्येक ओळ आधीच्या ओळीच्या फटीत सरकवून मांडलेली असते. ठिपक्यांतील अंतर सर्व बाजूंनी सारखे राखले तर एकूण ९१ ठिपक्यांचा, प्रत्येक बाजूस सहा ठिपके असलेला सुसम षट्कोन तयार होतो. रांगोळी उत्तम काढणारी मुलगी वहीवरील षट्कोनास भिते, तेव्हा दोष तिच्या बुद्धीचा नसून शिकविण्याचा असतो. तिला प्रथम ठिपक्यांच्या कागदावर षट्कोन भरू द्यावा व मग कंपास हाती द्यावा.

जुनी उदाहरणेही दाखविण्यासारखी आहेत. अजिंठ्याच्या दुसऱ्या लेण्यातील छतावर चौकोनात एकात एक वर्तुळांचे पट्टे रंगविलेले असून चौकोनाच्या कोपऱ्यांत आकाशगामी आकृती बसविलेल्या आहेत. वर्तुळ व चौकोन यांमधील अवघड त्रिकोणी जागा कशी भरावी, या प्रश्नाचे ते उत्तरच होय. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनी विद्यार्थ्यांसह १८७२ ते १८८५ या काळात अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला केल्या व त्या पुढे १८९६-९७ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाल्या. लेणी दूर असतील तर छायाचित्र पुरे. पैठणीच्या नारळी काठाचे निरीक्षण तर घरातच होईल. एकच त्रिकोणी घटक पुनःपुन्हा येऊनही काठ कंटाळवाणा का वाटत नाही, हे मुलांना विचारून पाहावे.

रंगकामात दोन चुका फार आढळतात. एक म्हणजे रंगांची गर्दी. तीन-चार रंग पुरेत. मात्र त्यांत फिकट व गडद असा स्पष्ट भेद हवा. डोळे किलकिले करून चित्राकडे पाहिले असता घटक पार्श्वभूमीत बुडून गेला, तर तो भेद अपुरा आहे असे समजावे. दुसरी चूक म्हणजे एकच छटा दोनदा कालविणे. पहिल्यासारखी छटा पुन्हा साधत नाही, म्हणून आठही भागांना पुरेल इतका रंग एकदम कालवावा व वेगळ्या तुकड्यावर सुकवून पाहावा, कारण ओला रंग व वाळलेला रंग एकसारखे दिसत नाहीत. लगतचे भाग एकापाठोपाठ रंगवू नयेत. एक सोडून एक रंगविल्यास ओले रंग परस्परांत मिसळत नाहीत.

भूमितीत बहुतेक गुण अचूकपणाच्या अभावामुळे जातात. वर्तुळात षट्कोन काढताना त्रिज्येएवढे अंतर परिघावर सहा वेळा घेतले जाते. कंपासाचा स्क्रू सैल असून प्रत्येक वेळी केवळ अर्धा मिलिमीटर चूक झाली, तरी सहाव्या कमानीस ती तीन मिलिमीटर होते व शेवटचा बिंदू पहिल्यास मिळत नाही. मूल मग रेघ किंचित वाकवून जुळवून घेते, आणि परीक्षकाच्या नजरेस नेमके तेच पडते. यावर सोपा उपाय आहे. प्रथम व्यास काढावा आणि त्याच्या दोन्ही टोकांवरून त्रिज्येएवढ्या कमानी दोन्ही बाजूंस छेदाव्यात. चार बिंदू हे व दोन टोके मिळून सहा बिंदू होतात. चूक साचत जाण्यास वावच राहत नाही. रचनेच्या रेषा फिकट व उत्तराची आकृती ठळक ठेवावी. रचनेच्या रेषा खोडून टाकणे ही स्वच्छतेची भ्रामक कल्पना असून ती शिक्षकांनीच मुलांच्या डोक्यातून काढली पाहिजे. भूमितीसाठी कठीण, संकल्पचित्रासाठी मऊ, अशा दोन पेन्सिली वेगळ्या असाव्यात.

अक्षरलेखनाविषयी थोडेच सांगावयाचे आहे. अक्षरे मोजून, मधल्या अक्षरापासून दोन्हीकडे मांडणी केली असता शेवटचा शब्द समासात घुसत नाही. ‘र’ला कमी व ‘क्ष’ला अधिक जागा लागते, हे आधीच धरावे.

शेवटच्या महिन्यात दर आठवड्यास एकदा घड्याळ लावून पूर्ण वेळेचा सराव घ्यावा. दिलेल्या वेळेचा सुमारे तिसरा भाग आखणीत गेला की पेन्सिल खाली ठेवण्याची सवय लावावी, कारण अर्धवट रंगविलेल्या सुंदर आखणीस फारसे गुण मिळत नाहीत. दर सरावात आकार बदलावा : कधी चौरस, कधी अष्टकोन, कधी लांबट पट्टी. ज्या मुलाजवळ कंपास नसेल त्याला जाड पुठ्ठ्याची पट्टी घेऊन, एका टोकाशी टाचणी व दर सेंटिमीटरला पेन्सिलीपुरते भोक पाडून द्यावे. सराव अडत नाही. परीक्षेपूर्वी मात्र शाळेच्या साहित्यातून खरा कंपास काही दिवस आधीच त्याच्या हाती द्यावा, म्हणजे हाताला त्याची सवय होईल.