हार्ड डिस्कचे वाटे किती?

शेताचे किती हिस्से पाडता येतील, हे शेताच्या क्षेत्रावर अवलंबून असते, असे कोणीही सांगेल. संगणकाच्या हार्ड डिस्कला मात्र हा न्याय लागू पडत नाही. डिस्कवर विपुल जागा मोकळी पडलेली असावी आणि तरीही पाचवा विभाग पाडू जाता संगणकाने साफ नकार द्यावा, हा अनुभव पुष्कळांना आलेला आहे. अशा वेळी अपुरी पडते ती जागा नव्हे, तर हिश्श्यांची नोंदवही.

ही नोंदवही १९८३ सालची. त्या वर्षी आय.बी.एम.ने पी.सी. एक्स.टी. हा संगणक बाजारात आणला. त्यातील डिस्क १० मेगाबाइटची होती. तिच्या पहिल्या सेक्टरमध्ये, म्हणजे अवघ्या ५१२ बाइटांत, दोन कामे उरकावयाची होती. पहिले ४४६ बाइट संगणक सुरू करणाऱ्या आज्ञावलीकडे गेले, शेवटचे २ ओळखीच्या खुणेसाठी राखले गेले आणि विभागांच्या नोंदीसाठी उरले ६४. विभाग कोणत्या प्रकारचा, कोठे सुरू होतो आणि किती लांबीचा आहे, एवढे लिहावयास प्रत्येकी १६ बाइट लागतात. तेव्हा नोंदी झाल्या चार. दहा मेगाबाइटांना चार हिस्से ही तेव्हा उधळपट्टीच वाटली असेल!

पुढे डिस्क वाढल्या, कोष्टक तेवढेच राहिले. मग एक तोड निघाली. चारांपैकी एक नोंद ‘विस्तारित’ विभागाला द्यावयाची आणि त्याच्या पोटात नवी कोष्टके मांडावयाची. या प्रत्येक कोष्टकात एक नोंद विभागाची आणि दुसरी पुढील कोष्टकाच्या ठिकाणाची असते. अशी साखळी कितीही लांबविता येते; पण मधला एक दुवा खराब झाला, की त्यापुढील सर्व विभागांचा पत्ताच हरवतो. शिवाय साखळी वाचणाराचीही मर्यादा असते. डॉसला विभागांची नावे इंग्रजी मुळाक्षरांनी ठेवावी लागत, आणि अ‍े व बी ही दोन अक्षरे फ्लॉपीकडे गेल्याने चोवीसच उरत. जुन्या लिनक्समध्ये स्कझी पद्धतीच्या डिस्कवर पंधराच विभाग ओळखले जात. कोष्टकाने दिले तरी यंत्रणेने घेतले पाहिजे, असा हा प्रकार.

इंटेलने १९९०च्या दशकाच्या अखेरीस मांडलेल्या नव्या पद्धतीत, म्हणजे जी.पी.टी.मध्ये, ही साखळी नाही. तेथे एका नोंदीला साधारणतः १२८ बाइट मिळतात आणि नोंदींसाठी किमान १६,३८४ बाइट राखून ठेवावे लागतात. भागाकार केला की १२८ हा आकडा येतो. तो कमाल आहे असे सर्रास सांगितले जाते. ते बरोबर नाही. विंडोज तेवढ्यावर थांबते हे खरे. परंतु कोष्टक मोठे करण्यास नियमांची आडकाठी नाही. म्हणून एखाद्या डिस्कवर किती विभाग मावतील, हे ऐकीव आकड्यावरून न ठरविता त्या डिस्कलाच विचारावे. जी.पी.टी.च्या दुसऱ्या सेक्टरमध्ये शीर्षनोंद असते. तिचे ८० बाइट सोडले, की पुढल्या चार बाइटांत नोंदींची संख्या आणि त्यापुढील चारांत एका नोंदीचा आकार लिहिलेला सापडतो. जीडिस्क नावाची आज्ञावली हीच संख्या सरळ वाचून दाखविते.

मात्र येथे एक चकवा आहे. जी.पी.टी. डिस्कच्या पहिल्या सेक्टरमध्येही जुने कोष्टक संरक्षणापुरते ठेवलेले असते. त्यातील एकच नोंद, ईई या प्रकारची, उर्वरित डिस्क व्यापून बसते. जुने साधन तेवढेच वाचते आणि डिस्क कोणा अनोळखी विभागाने भरली आहे, असे खुशाल सांगते.

जुन्या कोष्टकाची डिस्क नव्यात बदलण्याची सोय विंडोजमध्ये २०१७ सालापासून आहे. पण तीही मुख्य विभाग तीनच असतील तर. कारण रूपांतराला स्वतःसाठी एक विभाग लागतो. चारही नोंदी भरलेल्या असतील, तर एक विभाग आधी रिकामा करावा लागतो, आणि तत्पूर्वी त्यातील मजकुराची प्रत दुसऱ्या डिस्कवर काढून ठेवावी लागते.