भांडवलशाहीच्या अंताचा वाद : १८९१ ते १९४४

जर्मनीत १८७८ पासून लागू असलेला समाजवादविरोधी कायदा १८९० मध्ये संपुष्टात आला आणि पुढच्याच वर्षी एर्फुर्ट येथील अधिवेशनात जर्मन सोशल डेमोक्रॅटिक पक्षाने आपला नवा कार्यक्रम मंजूर केला. त्याचा तात्त्विक भाग कार्ल काउट्स्कीने लिहिला होता आणि व्यावहारिक मागण्यांचा भाग एडुआर्ड बर्नस्टाइनने. पहिल्या भागात छोट्या उत्पादकांचा ऱ्हास, मक्तेदारीची वाढ आणि उत्तरोत्तर तीव्र होत जाणारी अरिष्टे या गोष्टी निसर्गनियमासारख्या अटळ मानल्या होत्या. दुसऱ्या भागात आठ तासांचा कामाचा दिवस, सार्वत्रिक मताधिकार अशा, आहे त्याच व्यवस्थेत मिळवता येण्याजोग्या मागण्या होत्या. भांडवलशाहीच्या पोटातच तिच्या नाशाची बीजे आहेत का, या प्रश्नावर पुढे अर्धशतक जो वाद झाला, त्याची मुळे या दोन भागांमधील ताणात सापडतात. कारण व्यवस्था आपोआप कोसळणारच असेल तर तिच्यात सुधारणा कशासाठी करायच्या, आणि सुधारणांना ती वाव देत असेल तर ती कोसळेलच असे कशावरून म्हणायचे?

मार्क्सच्या लेखनात या प्रश्नाचे तयार उत्तर नव्हते. एंगल्सने संपादित करून १८९४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘भांडवल’च्या तिसऱ्या खंडात नफ्याचा दर घसरत जाण्याच्या प्रवृत्तीचे विवेचन आहे. वरकड मूल्य, म्हणजे मजुराला मिळणाऱ्या वेतनापेक्षा त्याच्या श्रमातून निर्माण होणारे अधिकचे मूल्य, हाच नफ्याचा उगम असेल, तर स्पर्धेच्या रेट्याने यंत्रांवरील खर्च मजुरीच्या तुलनेत वाढत जातो तसतसे एकूण भांडवलाच्या प्रमाणात नफा कमी होत जाईल, असा तो युक्तिवाद होता. परंतु त्याच खंडात मार्क्सने या प्रवृत्तीला रोखणारी कारणेही दिली होती : यंत्रसामग्रीच स्वस्त होणे, श्रमाची तीव्रता वाढवणे, परकीय व्यापार. या दोन बाजूंपैकी अखेर कोणती वरचढ ठरेल हे त्याने कालमर्यादा घालून सांगितले नाही, आणि नंतरच्या प्रत्येक पक्षाने आपल्याला हवी ती बाजू उचलली.

बर्नस्टाइन लंडनमध्ये हद्दपारीत असताना त्याच्या डोळ्यांसमोर परिस्थिती बदलत होती. १८७३ मध्ये व्हिएन्नाच्या शेअर बाजारापासून सुरू झालेली दीर्घ मंदी १८९० च्या दशकाच्या मध्यानंतर ओसरली होती, आणि १८९९ च्या पुस्तकात त्याने असे मांडले की पतपुरवठा, दळणवळण आणि कार्टेल, म्हणजे उत्पादन व किमती आपसात ठरवून घेणारे उद्योगसंघ, यांच्यामुळे अरिष्टे सौम्य झाली आहेत, मालमत्ताधारकांची संख्या घटण्याऐवजी वाढते आहे, आणि म्हणून कोसळण्याची वाट पाहणे व्यर्थ आहे. त्याच पक्षातील रोझा लक्झेंबर्गने त्याच सुमारास दिलेले उत्तर अधिक भेदक होते. पत ही अरिष्टाला आवर घालत नाही, तर उत्पादनाला बाजारपेठेच्या मर्यादेपलीकडे रेटते आणि अडचणीच्या क्षणी स्वतःच आटून अरिष्ट गडद करते, हे तिचे म्हणणे नंतरच्या अनेक बँक-संकटांनी खरे ठरवले आहे. पक्षाने १९०३ मध्ये ड्रेस्डेन येथे बर्नस्टाइनच्या मताचा निषेध केला, पण व्यवहारात त्याचाच मार्ग धरला.

या वादातील सर्वांत महत्त्वाचा टप्पा म्हणजे लक्झेंबर्गचा १९१३ चा ‘भांडवलाचा संचय’ हा ग्रंथ. तिचा प्रश्न साधा होता : वरकड मूल्याचा जो भाग भांडवलदार स्वतः उपभोगत नाहीत आणि पुन्हा गुंतवू पाहतात, त्या भागातून तयार झालेला माल विकत घेतो कोण? मजुरांची क्रयशक्ती वेतनापुरती मर्यादित असल्याने हा ग्राहक भांडवली वर्तुळाच्या बाहेरचाच असला पाहिजे, असा तिचा निष्कर्ष होता, आणि त्यावरून पुढे असे ठरत होते की शेतकरी, कारागीर, सामूहिक जमिनी आणि वसाहती हे बाहेरचे जग गिळून टाकत भांडवलशाही ज्यावर जगते तेच संपवत जाते. ग्रंथातील इतिहासाची प्रकरणे, म्हणजे चीनमधील अफूची युद्धे, अल्जीरियातील सामाईक जमिनींचे विघटन, ब्रिटिशांच्या हाती भारतातील ग्रामव्यवस्थेची झालेली मोडतोड आणि इजिप्तची कर्जे, आजही तिच्या गणितापेक्षा अधिक टिकाऊ वाटतात. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाचा तुटवडा पडला तेव्हा इजिप्तचे काय झाले हे तिने लिहिले आहे. त्याच तुटवड्याने मुंबईत पैशाचा पूर आणला, १८६५ मध्ये युद्ध संपताच तिथले शेअर कोसळले आणि त्या पडझडीत खिळखिळी झालेली बँक ऑफ बॉम्बे १८६८ मध्ये बुडाली. कापसाअभावी लँकेशायरच्या गिरण्यांवर आलेले अरिष्ट कुठवर पोचत होते, हे मुंबईच्या या अनुभवाने तिच्या प्रतिपादनाला जोडून दाखवता येते.

गणितात मात्र लक्झेंबर्ग चुकली होती. भांडवलदार एकमेकांकडून यंत्रे आणि कच्चा माल विकत घेतात, म्हणजे गुंतवणूक स्वतःच मागणी निर्माण करते, हा आक्षेप ऑस्ट्रियन मार्क्सवादी ओटो बाउअर आणि पुढे रशियन बोल्शेविक बुखारिनने घेतला, आणि तो योग्य होता. बाउअरने यंत्रे व कच्च्या मालावरील भांडवल दरवर्षी दहा टक्के आणि वेतनावरील भांडवल पाच टक्के वाढते असे धरून चार वर्षांचा तक्ता मांडला आणि संचय सुरळीत चालू राहू शकतो असे दाखवले. हेन्रिक ग्रोसमानने १९२९ मध्ये तोच तक्ता पुढे नेला, तेव्हा पस्तिसाव्या वर्षी उपलब्ध वरकड मूल्य संचयाची गरजही भागवू शकत नाही असे आढळले. हिशेब अचूक होता. पण वाढीचे दर आधीच ठरवून घेतल्यावर शेवटही त्या दरांतच दडलेला असतो, आणि प्रत्यक्षात हे दर तंत्रज्ञान, संघर्ष व राज्यसंस्था बदलत असतात, ही बाब त्यात निसटते.

ग्रोसमानचे पुस्तक निघाले त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये न्यूयॉर्कचा शेअर बाजार कोसळला. मे १९३१ मध्ये व्हिएन्नाची क्रेडिटआन्स्टाल्ट ही बँक डबघाईला आली आणि १९३२ च्या प्रारंभी जर्मनीतील नोंदणीकृत बेकारांची संख्या साठ लाखांवर गेली. ज्या क्षणाची चाळीस वर्षे वाट पाहिली गेली होती तो क्षण आला होता, आणि त्याच देशात आला होता जिथे कामगारवर्गाची संघटना सर्वांत मजबूत समजली जात होती. तरीही १९२८ मध्ये २.६ टक्के मते मिळवणारा नाझी पक्ष जुलै १९३२ मध्ये ३७ टक्क्यांपुढे गेला, तर कम्युनिस्ट आणि सोशल डेमोक्रॅट एकमेकांविरुद्धच लढत राहिले. कोसळण्याच्या सिद्धांताचा सर्वांत गंभीर दोष इथे उघड होतो : पडझड कधी होईल याचा त्याने कसोशीने शोध घेतला, पण पडझडीनंतर सत्ता कोणाच्या हाती जाईल हा प्रश्न त्याने इतिहासाने आधीच सोडवल्यासारखा बाजूला ठेवला. याची सर्वांत मोठी किंमत त्याच कामगारांना मोजावी लागली.

अर्थशास्त्रज्ञ जोसेफ शुंपेटरने १९४२ च्या आपल्या ग्रंथात भांडवलशाही टिकेल का, या प्रश्नाला वेगळ्या बाजूने हात घातला. भांडवलशाही टिकणार नाही असे त्याचेही मत होते, परंतु अपयशामुळे नव्हे तर यशामुळे. मोठ्या कंपन्यांत उद्योजकाचे काम नोकरशाहीकडे जाते, समभागांमुळे मालकीची आस्था विरते आणि व्यवस्थेचा बचाव करण्याची इच्छा तिच्याच लाभार्थ्यांमध्ये उरत नाही. व्हिएन्नामध्ये अर्थशास्त्रज्ञ बोम-बावेर्कच्या अभ्यासवर्गात त्याच्यासोबत बाउअर आणि मार्क्सवादी अर्थशास्त्रज्ञ हिल्फरडिंगही बसत असत, हे लक्षात घेतले म्हणजे हा ग्रंथ मार्क्सवादी वादाच्या बाहेरचा नसून त्याच संवादाचा उशिरा आलेला भाग आहे हे कळते.

दोन वर्षांनी कार्ल पोलान्यीने जे मांडले ते लक्झेंबर्गच्या विचाराला पूरक ठरते. श्रम, जमीन आणि पैसा या विक्रीसाठी निर्माण न झालेल्या गोष्टींना वस्तू मानल्याशिवाय बाजारव्यवस्था चालत नाही, आणि त्यांना पूर्णपणे वस्तू केले तर माणूस व निसर्ग दोन्ही उद्ध्वस्त होतात, म्हणून समाज स्वतःच्या बचावासाठी उभा राहतो, कधी कारखाने कायद्याच्या रूपात तर कधी फॅसिझमच्या. दुसऱ्या महायुद्धानंतर आशिया व आफ्रिकेतील वसाहती स्वतंत्र झाल्या आणि तरीही १९७३ पर्यंत औद्योगिक देशांत अभूतपूर्व वाढ झाली, तेव्हा लक्झेंबर्गने मानलेली नकाशावरची सीमा ही भांडवलशाहीची अंतिम मर्यादा नव्हती हे स्पष्ट झाले. मात्र ‘बाहेरचे’ म्हणजे केवळ दूरचा प्रदेश असे न मानता, मोबदला न मिळता घरात होणारे संगोपन, जमिनीचा कस, पाणी आणि हवा यांचाही त्यात समावेश केला, तर तिचा मूळ प्रश्न अनुत्तरितच राहतो. कारण या गोष्टी बाजाराने निर्माण केलेल्या नाहीत, बाजार त्या वापरतो, आणि त्या भरून काढण्याचा खर्च कोणाच्याही ताळेबंदात पूर्णपणे मांडलेला नसतो.