कोरलेले गणित, मोजलेले गणित

जुन्या मोटारींमधील इंधन-फवारणीचा इतिहास बहुधा सरळ रेषेत सांगितला जातो : आधी कार्ब्युरेटर, मग यांत्रिक फवारणी, शेवटी इलेक्ट्रॉनिक. मी अभियंता नाही. जे शिकलो ते वर्कशॉप मॅन्युअलांतून. त्यांत मात्र ही रेषा वाकडी निघते.

प्रश्न सगळीकडे एकच. एक ग्रॅम पेट्रोल पुरते जळायला सुमारे १४.७ ग्रॅम हवा लागते. इंजिनात हवा किती शिरली, हे ओळखायचे कसे?

१९५४ च्या मर्सिडीज-बेन्झ ३०० एसएलमध्ये बॉशचा पंप पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये सोडी. पंप इंजिनावरच फिरत असल्याने किल्ली बंद केल्यावरही इंजिन थांबेपर्यंत पेट्रोल येत राही आणि सिलिंडरच्या भिंतीवरचे तेल धुऊन नेई. पुढे पोर्शे ९११ च्या पंपात शंकूसारखा उंचसखल कॅम आला. अ‍ॅक्सिलरेटरने तो फिरे, इंजिनाच्या वेगाने मागेपुढे सरके. चाचण्यांतून काढलेले सारे गणित त्या पोलादाच्या पृष्ठभागावर कोरलेले होते.

अमेरिकेतील बेंडिक्सने १९५७ मध्ये इलेक्ट्रॉनिक फवारणी जाहीर केली. १९५८ च्या मोजक्या क्रायस्लर गाड्यांत ती बसली. त्यांतल्या बहुतेकांना नंतर कार्ब्युरेटर लावावे लागले. १९६७ मध्ये फोक्सवॅगन १६०० वर बॉशची डी-जेट्रॉनिक आली. ‘डी’ म्हणजे ‘ड्रुक’, दाब. आत येणाऱ्या हवेचा दाब आणि तापमान मोजून झडप किती मिलिसेकंद उघडी ठेवायची, हे एक पेटी ठरवी.

आणि १९७३ मध्ये बॉशनेच के-जेट्रॉनिक आणली, पुन्हा यांत्रिक! हवेच्या झोताने तबकडी उचलली जाई, तिच्या दांड्याने पेट्रोलची वाट कमीजास्त होई. १९७६ मध्ये व्होल्व्होने धुरातला ऑक्सिजन मोजणारा सेन्सर बसवला, तो याच पद्धतीवर.

माझ्या मते खरा सांधा इथे आहे. इंजिन झिजले, हे कोरलेल्या कॅमला कळत नाही. डी-जेट्रॉनिकच्या पेटीलाही नाही. दोघेही ठरल्या हिशेबाने पेट्रोल देतात. त्या हिशेबाचा ताळा धुरावरून घेतला जाऊ लागला, तेव्हा काळ बदलला. तारा आल्या तेव्हा नव्हे.

म्हणूनच ‘इलेक्ट्रॉनिकचा भरवसा नाही’ म्हणत जुनी पेटी काढून कार्ब्युरेटर लावणाऱ्यांना सांगावेसे वाटते : त्या पेटीत प्रोग्राम नाही. ट्रान्झिस्टर, रेझिस्टर आहेत. एकेक तपासून बदलता येतात. कॅमइतकीच तीही वाचता येते. भंगारात गेली, की तिच्यासोबत त्या काळच्या विचाराचा पुरावाही जातो.