सीताफळाचे स्थिरचित्र

फळांचे चित्र काढा असे सांगितले की आमच्या वर्गातील बहुतेक वह्यांवर लालभडक सफरचंद उमटते आणि त्याला एक हिरवे पान. राजेश्वरच्या शिवारात सफरचंद कुठे पिकते? ज्यांच्या बांधावर सीताफळाचे झाड आहे, ती मुलेही पुस्तकातले सफरचंदच काढतात. म्हणून दसऱ्याच्या सुमारास आम्ही टेबलावर चार सीताफळे, दोन पेरू आणि कुणाच्या तरी घरून आणलेली बिदरी फुलदाणी मांडतो व मिश्र माध्यमात चित्र करवून घेतो.

मिश्र माध्यम म्हणजे एकाच चित्रात रंग, कागद, खडू, दोरा अशी निरनिराळी साधने वापरणे. काही पालकांना ही नुसती चिकटवाचिकटवी वाटते. पण १९१२ साली पाब्लो पिकासो यांनी एका स्थिरचित्रात वेताच्या विणीची छपाई असलेले मेणकापड चिकटवले व भोवती चौकटीऐवजी दोरखंड लावला. ते चित्र आज पॅरिसच्या पिकासो संग्रहालयात आहे. आमचा नियम एवढाच की, जे काम रंगाने साधत नाही त्यासाठीच वस्तू चिकटवावी. केवळ शोभेची टिकली नको.

पाया म्हणून जाड पुठ्ठा घ्यावा. पाणी घातलेल्या फेव्हिकॉलचा हात दोन्ही बाजूंना द्यावा. एकच बाजू ओली केली तर पुठ्ठा वाकतो. वर वर्तमानपत्राचे तुकडे लावावेत, मराठी वा कन्नड, घरात येत असेल ते. त्यावर पातळ पांढरा रंग दिला की अक्षरे पुसट होऊन मागे राहतात.

आता सीताफळ. त्याची साल सपाट रंगात कधीच येत नाही. रद्दी कागद रात्रभर भिजवून पिळावा, त्यात फेव्हिकॉल मिसळून लगदा करावा. या लगद्याच्या गोळ्या फळाच्या मध्यभागी हरभऱ्याएवढ्या, कडेला तुरीच्या दाण्याएवढ्या व अगदी जवळजवळ बसवाव्यात. फळ गोल दिसते ते यामुळेच. गोळ्या पूर्ण वाळू द्याव्यात. येथे घाई करणाऱ्यांचे फळ हमखास निसटते. शेतकरी पालक सांगतील की, सीताफळाचे डोळे उघडले, म्हणजे खवल्यांमधल्या फटी पांढुरक्या पिवळ्या झाल्या, की ते काढणीला आले. चित्रातही तोच क्रम ठेवावा. आधी पातळ पिवळसर रंग सगळीकडे सोडावा, तो फटींत उतरतो. तो वाळल्यावर जवळजवळ कोरड्या ब्रशने हिरवा रंग फक्त उंचवट्यांवर फिरवावा. डोळे आपोआप उघडतात.

पेरू गुळगुळीत, त्याला लगदा नको. जेथे चमक आहे तेथे पांढरा तेलकट खडू दाबून घासावा, मग पिवळट हिरवा जलरंग द्यावा. खडूवरून पाणी ओघळते आणि चमक राहते. हा क्रम विसरू नये. एकदा आम्हीच अख्ख्या सीताफळावर आधी खडू फिरवला, आणि वरचा रंग थेंबाथेंबाने खाली आला!

फुलदाणीचा काळा रंग तयार डबीतला घेऊ नये. खरी बिदरी जस्त व तांब्याच्या मिश्रधातूची असते. तीत चांदी ठोकून बसवतात आणि शेवटी बीदरच्या किल्ल्यातील माती व नवसागर यांच्या साहाय्याने ती काळी करतात. २००६ साली या कलेला भौगोलिक मानांकन मिळाले. तो काळेपणा गडद निळा व गडद तपकिरी मिसळून जवळपास साधतो. चांदीच्या नक्षीसाठी बेगडाच्या बारीक पट्ट्या कापाव्यात. बेगड हा शब्द आपण नावे ठेवायला वापरतो, पण येथे तोच शोभतो.

उजेड एकाच खिडकीतून घ्यावा. लगद्याच्या उंचवट्यांची खरीच सावली पडते, म्हणून चित्र टांगतानाही उजेड त्याच बाजूने येईल अशी भिंत निवडावी.

अडचण वेळेची आहे. चित्रकलेचा तास आठवड्यातून एकदा, आणि काढलेले सीताफळ दोन-चार दिवसांत पिकून काळे पडू लागते. पुढच्या तासाला टेबलावर तेच फळ राहात नाही, मग मुले पुन्हा आठवणीतले, म्हणजे पुस्तकातले फळ काढू लागतात. प्लॅस्टिकची फळे मांडावीत असे सुचवले जाते, ते आम्हाला पटत नाही. त्यांना डोळेच उघडत नाहीत. त्यापेक्षा हंगामात निदान दोन आठवडे चित्रकलेचे दोन तास जोडून मिळावेत, अशी विश्वस्त मंडळास आमची विनंती आहे. पाया व लगदा आधीच्या आठवड्यात होईल, रंगकाम ताज्या फळासमोर.

काम संपल्यावर पिकलेली फळे वर्गातच वाटून खातात. काळ्याभोर बिया काही मुले चित्राच्या खालच्या कडेला लावतात. त्या सबंधच लावाव्यात, ठेचू नयेत. त्यांची पूड डोळ्यांत गेल्यास इजा होते.